तिसऱ्या ओळीची चाल

गुरुजी, आज पुन्हा बोटं हुळहुळली आणि राग तुमच्यावर निघाला. तुम्हाला जाऊन चाळीसेक वर्षं झाली असतील, तरी निघाला. सदुसष्टाव्या वर्षी मी गिटार शिकतो आहे. मुलगा ओरगडमला मोटारींच्या कारखान्यात आहे, कंपनीची बस त्याला उजाडायच्या आत घेऊन जाते. सूनही ऑफिसला जाते, आणि मी चेन्नईच्या या फ्लॅटमध्ये दिवसभर तुम्ही शिकवलेल्या कविता मनातल्या मनात म्हणत बसतो. शब्द सगळे आहेत, ते पुस्तकात छापलेलेच होते. टेबलावर बोटांनी ठेका धरून तुम्ही त्यांना ज्या चाली लावायचात, त्या मात्र कुठेच छापलेल्या नाहीत. नदीवरच्या त्या कवितेची चाल माझ्याबरोबर संपेल, हे एकदा मनात आलं आणि मला चैन पडेना. गाता तर मला येत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

म्हणून गाडी पकडून मैलापूरला वाद्यांच्या दुकानात गेलो. तिथे पाच-पाच वर्षांची मुलं व्हायोलिनच्या पेट्या सांभाळत उभी होती, त्यांना बघूनच मला घाम फुटला. हार्मोनियम घ्यावी, तर लोक गायला सांगणार. गिटार कशीही वाजवली, तरी त्या गल्लीत कुणी नावं ठेवणार नाही, असं वाटलं. दुकानदार तिशीतला, हसरा, मागच्या खोलीत तोच शिकवतो. तमिळ आणि इंग्रजी मिसळून बोलतो, मी जमेल तसं उत्तर देतो. त्याने नायलॉनच्या तारांची लहानशी गिटार पुढे केली. "ही घ्या सार, नवीन बोटांना बरी." मी कुठला ऐकतोय. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तुमचा आवाज डोक्यात बसलेला, तेव्हा मी पोलादी तारांची, दुकानातली सगळ्यांत थोरली उचलली. वर मांडी घालून वाजवणार म्हणालो. "सार, ही वीणा नव्हे. घसरेल." घसरली.

महिनाभर त्याने तीन कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचे सुरांचे गुच्छ, शिकवले. तारा बोटांत रुतायच्या, रात्री ताट धुताना साबण झोंबायचा. "या तीन कॉर्डांवर शेकडो गाणी बसतात, सार," तो म्हणायचा. तुमची चाल बसेना. तो चार मात्रा मोजून पुढे जायचा आणि तुम्ही प्रत्येक ओळीच्या शेवटी रेंगाळलेले. शेवटी तोच वैतागला. "तुमचे वाध्यार मोजत नव्हते का?" वाध्यार म्हणजे गुरुजी, म्हणजे तुम्ही. मी म्हणालो, "मागच्या बाकावरची मुलं येऊन पोचेपर्यंत थांबायचे." त्याने पायाने धरलेला ठेका थांबवला. मग म्हणाला, "मग कॉर्ड सोडा, सार. एकेक तार छेडून सूर शोधत जा." माझी थोरली गिटार त्याने परत घेतली आणि ती लहानशी हातात दिली. "महिन्यापूर्वी हेच सांगत होतो," एवढं मात्र त्याने ऐकवलंच.

तसा शोधत गेलो. पहिल्या दोन ओळी सापडल्या. चौथीही सापडली. तिसरी नाही. आठ दिवस हेच चाललं होतं: मी कविता सुरू करतो, तिसऱ्या ओळीपाशी येतो आणि समोर सूर नसतोच, तुम्ही असता. साहेब तपासणीला येणार म्हणून आपला सराव चाललाय. तिसऱ्या ओळीला तुम्ही हात वर करून अख्खा वर्ग थांबवता, माझ्याकडे बघता आणि म्हणता, "तू नुसते ओठ हलव." कुणीतरी फिसकन हसतं. त्यानंतर मी वर्षभर ओठच हलवले, गुरुजी. तिसरी ओळ आली की तुम्ही माझ्याकडे बघता का, एवढंच बघत राहिलो. कान होतेच कुठे? वर्गातला एकच जण आता उरलाय, त्याला फोन केला, तर त्याने मला रेडिओवरचं भलतंच गाणं ऐकवलं. तुमच्याकडून घेतलेलं एवढं एकच मी जपणार होतो, आणि त्यातही तुम्ही भोक पाडून गेलात. रागावू नको, तर काय करू?

परवा सून ऑफिसातून लवकर आली. मी वाजवत होतो, ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून दारात उभी राहिली. "बाबा, पूर्ण वाजवा ना एकदा." वाजवली. "गुरुजींची ना ही? किती सुंदर चाल लावलीय हो." मी मान डोलावली. तिने मोबाइल पुढे धरून पुन्हा वाजवायला लावली आणि सगळी भरून घेतली. मुलगा आता बसमध्ये ऐकतो म्हणे. तिसऱ्या ओळीची चाल मी लावलेली आहे, गुरुजी. त्या दोघांना हे मी सांगितलेलं नाही.