अस्वलाच्या दारामागे

प्रिय ताई,

तू फोन ठेवलास, म्हणून पत्र. पत्र मध्येच टाकून देता येतं, पण तू देणार नाहीस, तुला औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा शेवटपर्यंत वाचायची खोड आहे. तुझं म्हणणं कळलं. पोरांना कुठेही ने, प्राणिसंग्रहालयात नाही. का नाही, ते तू बोलली नाहीस तरी मला ठाऊक आहे. मी पाच वर्षांचा, तू अकराची, आईने माझा हात तुझ्या हातात दिला आणि मी तासभर हरवलो. त्यानंतर तू ह्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाहीस, मी इथे नोकरीला लागलो तरी. तरी पुढच्या रविवारचा बेत ऐकून तर घे, मग खुशाल नाही म्हण.

साडेनऊला फाटकाशी यायचं. भावोजींना सांग, त्यांच्या दाढीसाठी मी थांबेन, पाणघोडा थांबणार नाही. दहाला त्याला अख्खी कलिंगडं देतात. जबडा असा उघडतो की आत खुर्ची टाकून बसावं, आणि मग एकच कचकन आवाज. तुझा ढब्बू घरी जाऊन आठवडाभर आ वासून फिरेल बघ. मग जिराफ. टकळीने मला फोनवर विचारलं होतं, जिराफाचा घसा बसला तर आपल्यापेक्षा जास्त दुखतो का. मी इथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या आधी हसल्या, आणि दोन दिवसांनी मला गाठून म्हणाल्या, भाचीला सांग अजून विचार करतेय. सहा वर्षांच्या पोरीने शिकलेल्या बाईंना कामाला लावलं. घुबडाबद्दल पण सांगायचं होतं, ते मान पूर्ण मागे फिरवतं, अगदी आपल्या शाळेतल्या गणिताच्या बाईंसारखं, पण ते राहू दे, नाहीतर अस्वल राहायचं.

माझी ड्यूटी अस्वलाकडे आहे. चार महिने झाले. तू म्हणशील, ह्याच्या पायाची भिंगरी थांबली कशी. मलाही नवल वाटतं. सकाळी गाजरं चिरायची, अंडी उकडायची, आणि सगळं जुन्या टायरांत, पोकळ ओंडक्यांत लपवायचं. समोर वाढलं तर अस्वलबाई पाच मिनिटांत संपवते आणि दिवसभर मान हलवत उभी राहते. शोधायला लावलं की तिची सकाळ मजेत जाते. मी मुकादमांना विचारून ठेवलंय, पोरांनी स्वयंपाकाच्या शेडमध्ये बसून एक टायर भरायचा, तो मी आत ठेवणार, आणि मग कठड्यापाशी उभं राहून बघायचं तिला सापडतो का. ढब्बू निम्मी गाजरं स्वतःच खाईल, तेवढी जास्त चिरून ठेवतो. टोप्या आण. पाण्याच्या बाटल्या दोन आण, एक तो सांडेलच.

आता दाराचं. अस्वलाला आवारात सोडायचं सरकतं दार ओढायच्या आधी इथे हाक मारायची पद्धत आहे. आवारात कुणी साफसफाई करत असेल तर त्याने ओ द्यायची. ओ आल्याशिवाय कुणी साखळीला हात लावत नाही. दुसऱ्याच आठवड्यात मी आवारात झाडू घेऊन गेलो आणि भिंतीच्या भोकात मुंगूस दिसलं. तुला माहीत आहे माझं. मुकादमांची हाक आली, दुसरी आली, तिसरी आली. मी म्हटलं, देतो की, मुंगूस एवढं आत जाऊ दे. तोवर ते धावत आले. पासष्टीचा माणूस, गुडघे दुखणारा. तोंड पांढरंफटक. मला उभा बघितलं, पिंपावर बसले आणि एवढंच म्हणाले, "अरे, ऐकू येत असून गप्प बसलास? इथे माझा जीव गेला ना."

ताई, ते तोंड मी आधी पाहिलं होतं. तुझं होतं ते. मी त्या दिवशी हरवलोच नव्हतो. अस्वल मागच्या दारातून आत गेलं आणि ते जातं कुठे हे मला बघायचं होतं. तुझ्या हातातून हात सुटला नाही, मी पिळून सोडवून घेतला, आणि ह्याच भिंतीमागे, पिंपांच्या आड जाऊन बसलो. तुझ्या हाका ऐकू येत होत्या. आधी मोठ्या, मग रडव्या, मग घोगऱ्या. सगळ्या ऐकल्या. ओ दिली असती तर अस्वल बघायचं राहिलं असतं. घरी बाबांनी तुला विचारलं, हात का सोडलास, आणि तू म्हणालीस, सुटला. मी समोर बसून दूध पीत होतो. सतरा वर्षं मी ते 'सुटला' चालू दिलं, आणि आता तू रस्ता ओलांडताना पोरांची मनगटं लाल होईपर्यंत धरतेस. तुझं काही चुकलं नव्हतं. बाबांनाही आजच सांगतोय, फोन करून. पत्राला उत्तर नको लिहूस. रविवारी साडेनऊला फाटकाशी उभी राहा आणि हाक मार. पहिल्या हाकेला ओ येईल.

तुझाच,
उंडगा