चौदा नंबर

२ सप्टेंबर
चौदा नंबर आलेली नाही. सहा ते दहा नाकावर बसले. (या भूशिराला गावात सगळे नाकच म्हणतात.) वारा वायव्येचा, बोचरा. खाली खडकांवर अकरा सील, दोन पांढरी पिल्लं. पण ती नाही! डाव्या कुशीवर किटलीसारखा काळा डाग – वीस वर्षं ओळखते तिला. गेल्या वर्षीही नव्हती. वहीत तिच्यापुढे फुली मारायची जागा आहे. मारणार नाही.

४ सप्टेंबर
धुकं. दिसलं काहीच नाही, नुसतं त्यांचं रडगाणं ऐकत बसले.

९ सप्टेंबर
नाकाची पायवाट ढासळली. मोजणीचे आकडे गोळा करणारी लोवरी घरी आली. "बाई, तिथे आता जायचं नाही. हट्ट नको." हिला मी केमिस्ट्री शिकवली, आता ही मला शिकवते! म्हणे समोरच्या कड्यावरून मोजा – इदवलबरोबर.

इदवलबरोबर! दोन वर्षांपूर्वी चौदाच्या गळ्यात निळा दोर रुतलेला पाहिला. तडक धक्क्यावर गेले आणि सगळ्यांदेखत त्याला सुनावलं – हा दोर तुमच्या खेकड्यांच्या पिंजऱ्यांचा आहे. तो एक शब्द बोलला नाही. आजतागायत नाही. चूक असती तर बोलला नसता का? आणि चौदा त्यानंतर दिसलीच नाही.

जाईन. मोजणी चुकवायची नाही.

१२ सप्टेंबर
त्याच्या कड्यावरून पलीकडची खाच दिसते. नाकावरून ती कधीच दिसली नव्हती.

"बाई, खुर्ची आणलीय. खडक ओला आहे."
"मला उभं राहता येतं."
"बरं. मग खुर्ची बसेल."

दोन वर्षांनंतरचं पहिलं वाक्य हे! चार तास उभी राहिले. गुडघ्यानं सूड घेतला.

खाचेत एकच मादी, पिल्लू तीन-चार दिवसांचं. उजवी कूस कोरी, राखाडी. माझ्या वहीत नाही. नंबर विचारला.
"नंबर कसला? आत्या म्हणतो मी तिला. माझी आत्याही जेवण झालं की अशीच लवंडायची."
हसू आलं. दुर्बीण डोळ्यांना लावून ठेवली.

१३ सप्टेंबर
पाऊस. त्यानं मनुकांचा पाव आणला, लोणी लावलेला. घेतला नाही. आत्याचं पिल्लू मात्र गुबगुबीत झालंय – रोज किलो-दोन किलो नक्की. 

१५ सप्टेंबर
पिल्लू दुधासाठी ओरडलं आणि आत्या उलटली. डाव्या कुशीवर किटली! गळ्याभोवती भरलेला पांढरा वण. नाकावरून तिची नेहमी डावी कूसच दिसायची. वीस वर्षं मी हिची एकच बाजू वहीत उतरवत होते.

इदवल पाण्याकडे बघत म्हणाला, "दोर माझाच होता, बाई. त्याच दिवशी होडी काढली. वल्ह्याला चाकू बांधून कापला."
"मग बोलला का नाहीत?"
"कुठल्या तोंडानं?"

मी खुर्चीत बसले. पाव मागितला.