उभ्या माणसाहून उंच

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात वाकायचा मला कंटाळा, पण कागदावर अगदी लोटांगण घालतो.) इकडे सगळं ठीक. तुझी कंबर कशी आहे? सरळ उभं राहता येतं का? किती वेळ? हे मी रीत म्हणून विचारत नाही, तेव्हा नीट कळव.

डोंगरावर दिवसभर हिंडून मी नेमकं करतो काय, असं तू मागच्या पत्रात विचारलं होतंस. आमच्या खात्याला प्रत्येक उताराला एक नाव द्यायचं आहे: जंगल, गवताळ किंवा माथा. जंगल ठरलं की चराई बंद, गवताळ ठरलं की चालू, आणि जिथं थंडीवाऱ्यापुढे झाडच टिकत नाही तो माथा, तिथं कोणी फिरकायचंच नाही (आम्ही सोडून). काम तसं सोपं. दोराने चौकोन आखायचा, झाडं मोजायची, दहा भरली की जंगल लिहून मोकळं व्हायचं. तुझा तो एकशिंगी मेंढा दोर खातो म्हणून त्याला आधी बांधावं लागतं, आणि बांधायला तोच दोर लागतो, एवढीच काय ती अडचण.

घोळ झाला तो पुढेच. आमच्या पुस्तिकेत 'उभ्या माणसाहून उंच ते झाड, बाकी झुडूप' असं छापलंय. कोणता माणूस, ते छापायचं राहून गेलं. आता माझी उंची तुला माहीत आहे. (लहानपणी तू दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने माझ्या खुणा करायचीस आणि सलग तीन वर्षं एकच खूण गिरवलीस, तेव्हाच कोणीतरी मला दुसरी नोकरी सुचवायला हवी होती.) तीन महिने मला जिकडेतिकडे जंगलच दिसलं. कचेरीपुढचं कुंपणसुद्धा मी सवयीने जंगलात धरलं. आमच्याकडचा लंबू शेजारच्या उतारांवर होता. त्या बिचाऱ्याला झाड म्हणून सापडेना, तो गवताळ लिहीत सुटला. साहेबांनी दोघांचे नकाशे टेबलावर शेजारी शेजारी मांडले, तर माझं घनदाट जंगल एका सरळ रेषेत संपतंय आणि पलीकडे नुसतं गवत. "जंगल काय फूटपट्टीने कापलंय का रे?" साहेबांनी विचारलं. मग आम्हा दोघांना भिंतीला टेकवून उभं केलं. सगळी कचेरी हसली. मीही हसलो, पण टाचा जरा उचलून.

पुस्तिकेत आकडा घालायचा तर समिती बसायला हवी, आणि समितीतले दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून तूर्त असं ठरलंय की वादातल्या उतारावर त्याच भागातली, मध्यम उंचीची एक प्रौढ व्यक्ती उभी करायची आणि झाड तिच्यावरून मोजायचं. वादातले उतार तसे थोडेच आहेत. आत्तेभावाला सांग, त्याची छत्री माझ्याकडे सुखरूप आहे.

तुझा,
वीतभर भाचा

ता. क. वादातला पहिला उतार तुझा. त्याला जंगलात टाकणारा दुसरातिसरा कोणी नाही, मीच. तुझ्या अकरा मेंढ्या मग चरायच्या कुठे, हे त्या वेळी माझ्या डोक्यातच आलं नाही, मला माफ कर. नऊ झाडांबद्दल कोणाचंच दुमत नाही. दहावं म्हणजे आतोबांनी बांधावर लावलेलं ते खुरटं. मध्यम उंचीची व्यक्ती म्हणून मी तुझं नाव दिलंय. मंगळवारी सकाळी ये. सरळ उभी राहिलीस तर तू त्याच्याहून दोन बोटं उंच आहेस. वाकलीस की जंगल.

आणखी एक. आतोबा गेल्यापासून तू त्या झाडाला "मेलं वाढत नाही" म्हणून बोल लावतेस. काल पाहिलं, शेंड्याला नवी फूट आली आहे. चांगली चार बोटं. म्हणजे तू कितीही ताठ उभी राहिलीस तरी ते दोन बोटं वरच. मी खुडायला हात वर केला. पोचत होता, पण आतोबांची फार आठवण आली आणि खुडवेना. आता तूच ठरव. मंगळवारी तू वर पोचशील तेव्हा मी खालच्या वळणावर साहेबांना थांबवून बुटाची नाडी बांधत असेन. दोन्ही बुटांची बांधेन.