मी नाही असं धरून

३ जुलै
निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी देवासच्या लॅबचा कॉम्प्युटर बंद पडला की फोन मलाच! आज सहा तास रक्ताचे रिपोर्ट अडकले. एक बाई तापलेलं मूल मांडीवर घेऊन ताटकळत होती. मालक जयसिंगराव म्हणाले, "प्रमोदिनीबाई, तुम्ही आहात म्हणून निभावतं." आणि मी नसेन तेव्हा? "शुभ बोला हो!" शुभ बोलून कॉम्प्युटर चालतात का!

५ जुलै
आराखडा लिहिला. कॉम्प्युटर जळला, चोरीला गेला, तर कोणी काय आणि कोणत्या क्रमाने करायचं. सगळ्या नोंदींची दुसरी प्रत डिस्कवर, डिस्क धारच्या शाखेत. नियम चौथा — कुठलीही गोष्ट एकाच माणसाच्या डोक्यात ठेवायची नाही. नियम नववा — पासवर्ड दुसऱ्याला सांगावा लागला तर त्याच दिवशी बदलायचा.
कॉन्व्हेंटात सिस्टरने बोटांवर पट्ट्या मारून घडवलेलं अक्षर. कामी आलं.

९ जुलै
माझ्या जागेवर आलेली शिखा वाचून म्हणते, "आंटी, इतना कौन करता है? कुछ नहीं होता."
कुछ नहीं होता! अपूर्वाच्या वेळी त्या दवाखान्यातही हेच म्हणाले होते. तिच्या रक्ताचा रिपोर्ट हरवला, चौथ्या दिवशी सापडला. तोवर पोर गेली. अकरा वर्षांची.
शिखाला हे सांगितलं नाही. "रविवारी धारला तालीम," एवढंच.

१३ जुलै, रविवार
देवासचं सगळं जळलं आणि मी नाही, असं धरून चालायचं होतं. मी खुर्चीत, गप्प. जयसिंगराव म्हणाले, "बाई गप्प! यापेक्षा मोठं संकट कुठलं?" हसले सगळे.
शिखा कागद वाचत एकेक पायरी करत गेली. नीटनेटकी आहे पोरगी. मग डिस्कने पासवर्ड मागितला. कागदावर नव्हता. तिने कागद उलटा करून पाहिला. सगळे माझ्याकडे वळले.
नियम चौथा लिहिणारी मीच!
"लिहायचा राहिला वाटतं," जयसिंगराव हळूच म्हणाले. राहिला नव्हता. लिहायला हात धजला नाही. घरात तिचं नाव निघत नाही. ह्यांनी तेव्हाच फोटो खिळ्यासकट काढून ट्रंकेत ठेवला. अठरा वर्षं रोज सकाळी लॅबमध्ये पासवर्ड म्हणून ते नाव बोटांनी लिहीत होते; डिस्कलाही तोच दिला. तेवढीच एक जागा.
चिठ्ठीवर लिहून दिलं. अपूर्वा, पुढे जन्मतारीख.
"बेटी?" शिखाने विचारलं. मी मान डोलावली.
सगळ्या नोंदी परत आल्या. एकही रिपोर्ट हरवला नाही.
घरी निघताना शिखा जवळ आली. "आंटी, इसको रहने देते हैं ना." खडसावलं तिला — नियम नववा कशाला लिहिलाय मग? माझ्यासमोर बदलायला लावला. नवा काय ठेवला, विचारलं नाही.

१४ जुलै
फोन नाही. येणारही नाही.

१५ जुलै
सकाळी वही उघडली आणि नुसतं लिहिलं — अपूर्वा. २ ऑगस्ट १९९३.
हे चहा घेऊन आले. वाकून वाचलं. कप वहीशेजारी ठेवला. मग म्हणाले, "हातोडी कुठे ठेवलीस?"