राखेनं घासलेली सीडी

माय, बांधीच्या चिखलात धान रोवायची गाणी तू घरात गाऊ द्यायची नाई. एकदा तांदूळ वैरता वैरता मी एक ओळ गुणगुणली, तर तू फुकणी उगारली. "बांधीतलं गानं बांधीतच राहू दे. चुलीत काय धान रोवाचं आहे तुले?" तेव्हा मी गप बसले. आता बसत नाई.

तू गेल्यावर, गाणी जमवत फिरणाऱ्या मास्तरनं तुझी बांधीतली सहा गाणी सीडीत भरून आणून दिली. तुझा आवाज जगात तेवढाच. पण चौथं गाणं अडकू लागलं, म्हणून सीडी पुरी बिघडायच्या आत गाणी कंप्युटरात उतरवून घ्यायला मी चंद्रपूरच्या दुकानात गेले. तीन गाणी भराभर उतरली. चौथ्यावर मशीन खटखट करून थांबलं. दुकानदारानं मऊ फडक्यानं सीडी मधल्या भोकापासून काठाकडे पुसली, दुसऱ्या कंप्युटरात घालून पाहिली. मग उजेडात धरून म्हणतो, "आजी, ही कशानं पुसली?"

"पुसली नाई, घासली. राखेनं."

"राखेनं?"

"मंग? पितळेची थाळी तुझी बायको कशानं घासते?"

"गोल गोल घासली ना, तेच नडलं. मधून काठाकडे गेलेला ओरखडा चालते. गोल ओरखड्यात पुरी ओळच जाते."

तोंड दिसेपर्यंत गोल गोल घासायचं, हे तूच शिकवलं. म्हणजे अर्धा दोष तुझा.

"चौथं सोडून देऊ?"

"तुझ्या मायचं असतं तर सोडलं असतं काय रे भाऊ?"

त्यानं सीडी परत मशीनीत घातली. वाचायचा वेग अगदी कमी करून, तासाभरानं त्यानं गाणं काढलं. एक ओळ तेवढी कोरी राहिली. "कापून जोडून देतो, कोणाले समजनार नाई."

"कापू नको. एकीची ओळ सुटली तर बांधीतली दुसरी उचलते. जागा राहू दे."

आता ते गाणं माझ्या घरात वाजते. भर उन्हाळ्यात वाजते, चुलीपुढं वाजते. कोरी जागा आली की ती ओळ मी मोठ्यानं गाते. सून हसते, हसू दे. तुझी फुकणी इथवर पोचत असेल तर उगार.

चौथीपर्यंतच्या अक्षरानं लिहिलेली ही चिठ्ठी मी कुठं टाकणार नाई. सांगायचं एवढंच, की तुझी खरी ओळ मले आठवत नाई. दर वेळी गाते ती मीच जुळवलेली आहे.