करवतीचं खालचं टोक

३ मार्च

आज परत करवत अडकली! खड्ड्यावर ओंडका आडवा, त्यावर दादा उभा, खाली खड्ड्यात मी. डोळ्यांत भुसा, नाकात भुसा, दातांत भुसा. दादा थोरला म्हणून वर, मी धाकटा म्हणून खाली. जन्मानंच ठरलेलं, आता तक्रार कुणाकडे करणार?

आबांनी आम्हा दोघा भावांच्या हातात करवत दिली तेव्हा एकच गोष्ट शिकवली — वरच्यानं उचलायची, खालच्यानं ओढायची. दाबायची कुणीच नाही. ओढीनं कापते ती. वरून दाबली की आखलेली रेघ सोडते आणि फळी वाकडी निघते.

आणि दादा दाबतोय. आबांचा लाडका, तोच! मला मुठीत कळतं. खाली येताना करवत ढकलल्यासारखी येते.

बोललो काही नाही. अंगाचं भुस्कट पडलंय, भांडायला तरी त्राण हवं.

४ मार्च

तेच. पाठ धरली आहे.

६ मार्च

होडीवाला सुतार फळ्या न्यायला आला. एका फळीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "ही फळी आहे की पन्हळी पत्रा?" मग गंभीर झाला. अशी फळी होडीला लावली तर सांध्यातून पाणी शिरेल, आणि बुडणाऱ्या माणसाला कुणाचं नाव सांगू, म्हणाला. "या खेपेला रंधा मारून घेतो. पुढच्या खेपेला अशाच निघाल्या तर ओंडके शहरात मशीनवर."

दादा मान खाली घालून ऐकत होता. मीच मध्ये पडलो, लाकूड ओलं होतं म्हणून सांगितलं. खोटं! पण आपलेच दात, आपलेच ओठ.

ओंडके मशीनवर गेले की आम्ही संपलो. उपाशी नाही मरणार — परसात वांगी आहेत, वाल आहे, भोपळ्याचा वेल छपरावर चढलाय, कोंबड्या आहेत, नाल्यात मासे आहेत. पोट भरेल. पण सकाळी उठून जायचं कुठे? माझी ही गेल्यापासून मला तो खड्डाच आहे. दुसरं आहे काय?

७ मार्च

जेवताना डोळा लागला. वहिनी म्हणाली, "भावजी, घास तोंडात घाला, कानात नको." मी हसलो. दादा हसला नाही.

१० मार्च

काल करवतीचा एकेक दात कानशीनं घासला. अशी धार, की बघूनच बोट कापावं. आज ओंडक्याच्या चिरेत पाचरी मारल्या, चीर मिटू दिली नाही. तरी पहिले पाढे पंचावन्न! करवत चांगली, चीर मोकळी. मग राहिलं कोण?

शेवटी बोललोच. "दादा, दाबतोयस तू."

"हं."

"हं काय? रेघ बघ कुठे गेली!"

"बघतो," म्हणाला. आणि पुन्हा तेच. वर उभं राहून उंटावरून शेळ्या हाकायच्या, खालचा मरेना का.

असं लिहू नये. पण मनात आलं ते आलं. माझाही जीव थकलाय.

१३ मार्च

आज काम बंद. खांदा वर होईना म्हणून मीच म्हणालो, चल, जाळं टाकू. नाल्यावर गेलो. पाणी कमी, मासे चलाख. दादानं मला काठावर बसवलं. "तू बस, दमलायस." ओलं जाळं एकट्यानं ओढलं, झटकलं, पुन्हा टाकलं. दोन वेळांचं कालवण होईल एवढे मासे मिळाले. मी नुसता टोपली धरून बसलो होतो, शेठजीसारखा!

म्हणजे जाळं ओढायला जोर आहे, करवत पेलायला नाही, म्हणून तिच्यावर भार टाकतो. म्हातारपण काय सोयीसोयीनं येतं का?

की काही दुखतंय आणि लपवतोय? मासे साफ करताना त्याचे तळवे दिसले. सोलून निघालेत. विचारलं तर म्हणाला, "लाकूड खरबरीत आहे." इतकी वर्षं काय रेशमाचं होतं?

१६ मार्च

बोललो आज. जेवणं झाल्यावर, वहिनीसमोरच. म्हणालो, "दादा, बस झालं आता. तुझं वय झालं. परस सांभाळ, जाळं टाक, आराम कर. वर उभा राहायला मी लोहाराला बोलावतो. तुझ्यापायी सुताराचं काम जाईल आपलं."

शेवटचं वाक्य गिळायला हवं होतं. तोंडातून गेलं ते गेलं.

वहिनीच म्हणाली, "अहो, सांगा ना भावजींना —" त्यानं तिच्याकडे नुसतं बघितलं. ती उठली, भांडी घेऊन मोरीत गेली. अशी आदळली, की कोंबड्या जाग्या झाल्या.

मग दादा म्हणाला, "बरं. तू म्हणतोस तर तसं."

एवढंच! चिडला असता, आईमाईवरून बोलला असता, एक ठेवून दिली असती तरी बरं वाटलं असतं. आयुष्यभर तो वर, मी खाली. एका वाक्यात उतरवला मी त्याला. वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय. पण कुणीतरी बोलायलाच हवं होतं ना?

१७ मार्च

दादा सकाळपासून कांद्याचे वाफे खणतोय. मी लोहाराकडे जायला निघालो तेव्हा मान वर न करता म्हणाला, "डबा घेतलास?" वहिनी बोलत नाही. भाजीत मीठ जास्त होतं. मुकाट्यानं खाल्ली.

लोहार परवा येतो म्हणालाय.

१९ मार्च

लोहार आला. तिशीचा गडी, दंड बघावेत! आबांचा नियम सांगितला — उचलायची, दाबायची नाही. त्यानं शहाण्यासारखं ऐकलं. उचलायचा आणि सैल सोडायचा. उचलायचा आणि सैल सोडायचा. करवत चिरेत नुसती लोंबत राहिली. भुसा पडेना.

"काका, ओढा की!" तो वरून म्हणाला.

मी ओढतच होतो.