आख्ख्या गावाचा एकच पिन

प्रिय रागिणी,

पाकिटावरचं अक्षर बघून तुला आधी हसू येईल. होस्टेल सुटल्यापासून मी तुला कागदावर चार ओळी लिहिल्या नाहीत, आणि आज एकदम फुलस्केपची पानं. पाकीट घ्यायला बार्शीटाकळीच्या पोस्टात गेले, तर काउंटरवरच्या माणसानं मला ओळखलं. ही ऑनलाइनवाली बाई पाकीट काहून घेऊन राहिली, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. घरात डिंक नाही, म्हणून भाताच्या शितानं चिकटवणार आहे. वास आला तर नावं ठेवू नकोस.

इकडची खबर अशी की सोयाबीन यंदाही पिवळं पडलं, कपाशी त्यातल्या त्यात बरी आहे. आमच्या नवरोबांच्या, म्हणजे वकारच्या, दुकानात पंपांच्या जळालेल्या मोटारींची रांग लागली आहे, त्याला मान वर करायला फुरसत नाही. माझं ऑनलाइन सेंटर मात्र पोळ्यापासून बंद आहे. लोक वकारला विचारतात आणि तो सांगतो, सर्व्हर डाऊन आहे. इतके दिवस सर्व्हर डाऊन असतो का कुठे? पण लोक ऐकून घेतात. त्याला मी डोकेदुखीचं कारण दिलंय आणि तुला दर वेळी फोनवर सांगत आले की पावसाळ्यातलं ते प्रकरण केव्हाच निस्तरलं. ते निस्तरलेलं नाही. मला इतकी शर्म वाटते, रागिणी, की माणसाच्या तोंडाकडे बघवत नाही. त्यातही दोघींच्या अजिबात नाही. एक आमच्या गावची सुभद्राबाई आणि दुसरी तू. तुला मी त्या प्रकरणातलं अर्धंच सांगितलं होतं, जेवढ्यात मी बरी दिसते तेवढंच.

मागच्या हिवाळ्यात तुझ्या कॉलेजात तू ते शिबिर घेतलंस, इंटरनेट वापरताना स्वतःला कसं जपायचं याचं. मी अकोल्याहून पहाटेची गाडी पकडून अमरावतीला आले आणि पहिल्या रांगेत बसले, जशी होस्टेलच्या मेसमध्ये बसायची. तू सांगितलंस, आलेला कोड कोणाला सांगू नका, व्हॉट्सअ‍ॅपला सहा आकड्यांच्या पिनचं दुसरं कुलूप लावा, पिन ज्याचा त्याचा वेगळा ठेवा. मी गावात परतले ती अंगात आल्यासारखी. विम्याला कोणी आलं, केवायसीला कोणी आलं, की आधी त्याच्या फोनला कुलूप, मग बाकीचं काम. आठवडा गेला नाही तोच माझ्या दारात भांडणं सुरू. कोणालाच पिन आठवेना. नत्थुजींनी नातवाची जन्मतारीख ठेवली होती आणि नातू कधी जन्मला तेच विसरले होते. सगळे म्हणायला लागले, तुमीच ठेवा ना बाई एखांदा, सगळ्यायले पाठ असंल असा.

तुला आमच्याकडची रीत ठाऊक नाही. इथे माणसं फोन माझ्या टेबलावर ठेवून बाजाराला जातात. ओटीपी आला की मीच पाहायचा, मीच टाकायचा, संध्याकाळी ते फोन घेऊन घरी. कोणाचा कोणता हे मला फुटक्या काचेवरून ओळखू येतं. असला भरवसा डोक्यात चढतो गं. मी सगळ्यांना गावाचा पिनकोडच ठेवून दिला. सहाच आकडे, जन्मभर पत्त्याखाली लिहिलेले, विसरणार कोण? लोक खूश झाले, त्याला बाईचा नंबर म्हणायला लागले. तू फोनवर विचारलंस, किती जणांनी लावला, आणि मी ऐटीत म्हटलं, आख्ख्या गावानं. पुढच्या शिबिरात तू माझं नाव घेऊन कौतुक केलंस. पिन एकच आहे हे काही मी बोलले नाही. तू रागावली असतीस आणि कौतुक तर गोड लागत होतं.

मग विम्याचे दिवस आले. नत्थुजींना फोन आला, साहेबी मराठीत. पीकविमा कार्यालयातून बोलतो, तुमचा अर्ज अडकलाय, मोबाइलवर आलेला कोड सांगा. त्यांनी सांगितला. मग त्यानं पिन मागितला, तोही सांगितला. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण समोरचा गोड बोलला म्हणून यांनी हौसेनं पुढचंही ऐकवलं, आमच्या गावात सगळ्यायचा हाच नंबर हाय साहेब, आमच्या बाईनं लावून देल्ला. चोराला आणखी काय पाहिजे होतं? नत्थुजींचं व्हॉट्सअ‍ॅप हातात आलं, त्यात मी बनवलेला पीकविम्याचा ग्रुप, ग्रुपमध्ये सगळ्या गावाचे नंबर. मग एकेकाला फोन गेले, यास्मीनबाईच्या सेंटरवरून बोलतो. माझं नाव ऐकल्यावर कोणी एक प्रश्न विचारला नाही. दुपारपर्यंत अर्ध्या गावाचं व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या ताब्यात होतं. नत्थुजींच्या नावानं त्यांच्या सुनेच्या माहेरी असले घाणेरडे व्हिडिओ गेले की ते बिचारे अजून व्याह्यांच्या दारात पाय ठेवत नाहीत. इथपर्यंतचं तुला थोडंबहुत सांगितलंय, फक्त पिन सगळ्यांचा एकच होता आणि तो मी ठेवला होता, एवढं गाळून.

सुभद्राबाईचं मात्र काहीच सांगितलं नव्हतं. तिचा नवरा खुशालराव बोंडअळीच्या साली गेला. कसा गेला हे आमच्या भागात कोणी कोणाला विचारत नाही. त्याचा नंबर तिनं बंद होऊ दिला नाही. स्वतःच्या फोनचं रिचार्ज चुकवेल, पण त्याच्या फोनचं नाही. त्यात त्याचे आवाज होते. शेतातून तिला पाठवलेले, दोन-दोन वाक्यांचे. तिचा जुना फोन पाण्यात गेल्यावर उरले ते एवढेच. दुपारी भाकर घेऊन ये, मिरची जास्त टाकजो. ढोराले पानी पाजलं का? असलंच सगळं. रोज कामं आटोपली की ती दारात बसून त्यातला एखादा ऐकायची. ग्रुपमधून त्याचं नाव काढायला मलाही जीव झाला नव्हता, म्हणून चोराचा फोन त्या नंबरवरही गेला. तिनं उचलला, आणि माझं नाव ऐकून कोडही सांगितला. तासाभरानं चांदूर रेल्वेला तिच्या भावाच्या फोनवर मेलेल्या मेहुण्याच्या फोटोखाली निरोप आला, मी दवाखान्यात आहे, लवकर मदत पाठवा. त्यानं घाबरून बहिणीलाच फोन लावला म्हणे.

पिन चोरानं बदलले होते, म्हणून काही दिवस थांबावं लागलं. मग सगळ्यांचे फोन पुन्हा सुरू करून द्यायला मीच बसले. दारात ही गर्दी, प्रत्येकजण माझ्याकडे बघतोय, आणि मला एकच घाई की हे आज संपावं आणि तोंड लपवता यावं. अ‍ॅप काढायचं, परत टाकायचं, पुढचा फोन. खुशालरावचा फोन हातात आला तोही तसाच काढला, तसाच टाकला. त्यातला बॅकअप मीच कधीतरी बंद केला होता, फोन भरला म्हणून. तेव्हा आठवलं नाही. आठवलं तेव्हा आत काही नव्हतं, कोरं पान. सुभद्राबाईनं फोन घेतला, नेहमीच्या जागी बोट ठेवलं, कानाला लावला. मग मला विचारलं, आवाज कुठी गेला, बाई? आणि मी तिच्या तोंडावर खोटं बोलले. म्हटलं, येईल, त्याले थोडा टाइम लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. आला का? म्हटलं, नाही अजून. तिसऱ्या दिवशी पुन्हा. ना आवाज चढवला, ना शिवी दिली. खुर्चीवर बसायची, पाणी प्यायची, माझ्याकडे बघायची आणि जायची. तिनं चप्पल काढून मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तिची चाहूल लागली की मी कीबोर्डवर मान खाली घालायची. पोळ्यानंतर मी शटर उघडलंच नाही, तर ती घरी यायला लागली. जेवण जाईना, झोप लागेना. आंघोळ करून केस विंचरायचेसुद्धा जिवावर यायला लागलं. मी म्हणजे कोण, तुला ठाऊक आहे. होस्टेलात मेसवाल्याशी भांडायला सगळ्या पोरी मलाच पुढे करायच्या. तीच मी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले.

त्याच दिवसांत एका दुपारी तुला माझ्या नंबरवरून मेसेज आला. रागिणी, थकले गं. आता उठवत नाही. माझ्यावाचून सगळ्यांचं नीट चालेल. तू लगेच फोन केलास, वर्ग सोडून, आणि तुझा श्वास लागलेला होता. मी हसले. म्हटलं, घे, आता माझंही गेलं बघ, त्या हरामखोरानं आता माझ्या नावानं नाटकं सुरू केली. तू सुटल्यासारखी हसलीस, मला चार शिव्या घातल्यास, पिन बदल म्हणालीस. मी हो म्हटलं. वकार समोर जेवत होता. त्यानं विचारलं, काय झालं, आणि त्यालाही मी तेच सांगितलं. तोही हसला.

मग तू मला तुझ्या व्याख्यानाचा व्हिडिओ पाठवलास. हॉल भरलेला, आणि तू सांगत होतीस, हे भामटे आता आपल्या मायेशीही खेळतात, माझ्या जिवलग मैत्रिणीच्या नावानं मला असा मेसेज आला, क्षणभर माझ्या पायाखालची जमीन सरकली. समोरच्या पोरींनी माना डोलावल्या. किती सुंदर बोललीस तू. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला आणि उत्तरादाखल तुला अंगठा पाठवला. त्या अंगठ्याची मला जेवढी लाज वाटते तेवढी पिनचीही वाटत नाही.

काल सुभद्राबाई आली तेव्हा वकार दुकानात होता. ती विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं की आवाज कधीच येणार नाही, माझ्याच हातानं गेला, आणि इतके दिवस मी तुम्हाला फसवलं. ती म्हणाली, मले पयल्याच दिवशी समजलं होतं. मी विचारलं, मग रोज काहून येत होत्या? तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, आवाजासाठी नाई येत बाई, तुमचं तोंड पाहाले येतो. त्या साली त्यायचं तोंड असंच झालं होतं. जेवत होते, बोलत होते, हासतई होते, पन तोंड असं. मी त्यायले काहीच इचारलं नाई. मले वाटलं, इचारलं त त्यायले वाईट वाटंल. मग तिनं माझा हात धरला आणि सरळ विचारलं, बाई, तुमच्या मनात काई वंगाळ येऊन राह्यलं का? मी खूप वेळ रडले. हो म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी हो म्हटलं. ती म्हणाली, मी रोज येईन, पन मी अडानी बाई, तुमच्या त्या अमरावतीच्या मैत्रिणीले कळवा.

म्हणून हे पत्र. तो मेसेज चोराचा नव्हता, रागिणी. तो मीच लिहिला होता, या दोन हातांनी, आणि प्रत्येक शब्द खरा होता. तुझा श्वास लागलेला ऐकला आणि मला लाज वाटली, म्हणून मी तो चोराच्या माथी मारला. चोर बिचारा त्या दिवशी कुठे होता अल्ला जाणे. अकोल्याला मनाच्या आजाराचे एक डॉक्टर बसतात, त्यांच्याकडे जायचंय, पण एकटीनं गेले तर बसस्टँडवरूनच परत येईन. वकारला तू समोर असताना सांगेन, एकटीच्या तोंडून निघणार नाही. पत्र मिळालं की फोन करू नकोस. मी उचलेन आणि हसून म्हणेन, काही नाही गं, आणि तू माझ्यावर पुन्हा विश्वास ठेवशील. तू ये.

तुझीच,
यास्मीन